अग्निगोल, ताम्रपट आणि निवाडा

कुहीत बोलायचं म्हटलं की आम्हाला मांढळ आठवतं. याच तालुक्यातल्या मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट सापडले. पण आज सुरुवात एका खेळापासून करतो, ताम्रपटाकडे शेवटी येऊ.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. कुणी योद्धा होतो, कुणी मांत्रिक. एकजण सूत्रधार असतो. गोष्ट तोच चालवतो आणि वादाचा निवाडाही तोच देतो.

आता वाद बघा. मांत्रिक भुयारात 'फायरबॉल' म्हणजे अग्निगोल सोडतो. १९७८ च्या पुस्तकात बंद जागेत त्याची त्रिज्या २० फूट दिलेली. पण तिथेच पुढे म्हटलं होतं की स्फोट जागेचा आकार घेतो आणि सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो. मोकळ्या जागेत दोन्ही गोष्टी जुळतात. पण १० फूट रुंद, १० फूट उंच भुयारात? गणित करा, आगीचा लोळ ३३० फूट लांब होतो! राक्षस भाजतो आणि मागे उभे असलेले आपले गडीही. मांत्रिक म्हणतो, "वीस फूट लिहिलंय." सूत्रधार म्हणतो, "पुढचं वाच." महिनोन्महिने जपलेलं पात्र जगणार की मरणार, हे त्यावर ठरतं. भांडण होणारच ना?

हा पेच या खेळाहून जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियात राइसवित्झ या अधिकाऱ्यानं लष्करासाठी युद्धाचा खेळ मांडला. त्यात फासे होते, तक्ते होते, नियमच नियम होते. खेळ रेंगाळायचा. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेरनुआ यांनी सुचवलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. पुढच्या युद्धखेळांतूनच 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. जाड पुस्तक आणि पंच, दोन्ही त्याच्या वाट्याला आले.

२०१४ च्या आवृत्तीत अग्निगोलाला घनफळाची अट नाही. शिवाय सुरुवातीलाच सांगितलंय की विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. आपल्याला हे नवीन नाही. संस्कृत व्याकरणात यालाच उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात. वाकाटकांच्या दानपत्रांतही तेच दिसतं. गावानं कर द्यायचा, हा सामान्य नियम. दान दिलेल्या गावाला कर माफ, तिथे सैनिकांनी शिरायचं नाही, हे अपवाद. ते एकेक करून तांब्यावर कोरलेले असत. अमरावती जिल्ह्यातल्या चमकच्या ताम्रपटात तर दुसरा प्रवरसेन आणखी अट घालतो: दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह केला, तर दान परत. म्हणजे अपवादालाही अपवाद! आणि हे सगळं आधीच कोरलेलं, भांडण झाल्यावर सुचलेलं नाही.

सूत्रधारानं एवढंच घ्यावं. तासभर पुस्तक चाळत बसू नये. निवाडा लगेच द्यावा, वहीत लिहावा, हुज्जत खेळ संपल्यावर घालावी. आणि आज मित्राच्या अग्निगोलाला लावलेला नियम उद्या राक्षसाच्या अग्निगोलालाही लावावा. तसं झालं, तर ज्याचं पात्र मेलं तो मित्र पुढच्या रविवारीही खेळायला येतो.