सायकल चालवणाऱ्याने छोटी कार घेताना काय पाहावं? मायलेजच्या आधी हा हिशेब करा

समजा, तुम्ही भिवंडी तालुक्यातल्या अंजूरला राहता. वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचं हे गाव. आज आजूबाजूला काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली अशी गोदामांची रांग आहे आणि रस्त्यावर दिवसरात्र कंटेनर. तुमची रोजची कामं सायकलवर होतात. दूध, भाजी, बँक, जवळपास नोकरी असेल तर तीसुद्धा.

पण आता घरात कारची गरज वाटू लागलीय. आईवडिलांना रात्री-अपरात्री ठाण्याला दवाखान्यात न्यायचं असतं. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली गेले की कंटेनरच्या बाजूने सायकल चालवणं जिवावर बेतू शकतं. मग शोध सुरू होतो तो 'सगळ्यात जास्त मायलेज देणारी छोटी गाडी कोणती' याचा.

हा प्रश्न चुकीचा नाही, पण सायकल चालवणाऱ्यासाठी तो पहिला प्रश्न नाही. का, ते समजून घेऊया.

तुमची गाडी महिन्याला किती किलोमीटर धावणार?

मायलेजचा फायदा गाडी जितकी पळेल तितकाच मिळतो. रोज ऑफिसला कार नेणारा माणूस महिन्याला १५०० किलोमीटर सहज चालवतो. तुमची रोजची कामं सायकलवर होत असतील, तर तुमची कार कदाचित ३०० किलोमीटरच धावेल.

आता दोन गाड्या घेऊ. एक प्रत्यक्षात लिटरला १८ किलोमीटर देते, दुसरी २०. पेट्रोलचा दर हिशेबापुरता १०० रुपये धरू.

महिन्याला १५०० किलोमीटर चालवणाऱ्याला पहिल्या गाडीत सुमारे ८३ लिटर पेट्रोल लागेल, दुसरीत ७५ लिटर. वर्षाला साधारण १०,००० रुपयांचा फरक.

महिन्याला ३०० किलोमीटर चालवणाऱ्याला पहिल्या गाडीत १६.७ लिटर, दुसरीत १५ लिटर. वर्षाचा फरक साधारण २,००० रुपये.

म्हणजे पेट्रोलची खरी बचत तुम्ही सायकलवर आधीच केलेली आहे. दोन-तीन किलोमीटरच्या मायलेजसाठी गाडीत न पटणारी तडजोड करण्याचं कारण उरत नाही.

कंपनीने सांगितलेलं मायलेज प्रत्यक्षात का मिळत नाही?

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा 'एआरएआय प्रमाणित' असतो. एआरएआय म्हणजे पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाच्या चक्रात चालवली जाते. तिथे एसी बंद असतो आणि खड्डे, ट्रॅफिक, चढ यांपैकी काहीच नसतं. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी मिळावी म्हणून ही पद्धत आहे. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो, पण खिशाचा हिशेब त्यावर करू नका. कशेळीच्या पुलाआधी अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी तो आकडा दाखवणार नाही.

शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतंच.

मग सीएनजी घ्यावी का?

बहुतेकांचा कल तिकडेच असतो. सीएनजी किलोवर मिळते आणि एका किलोत जवळपास दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. म्हणून तिचा मायलेजचा आकडा मोठा दिसतो.

हिशेबासाठी धरू की सीएनजी ८० रुपये किलो आहे आणि प्रत्यक्ष मायलेज किलोला २५ किलोमीटर आहे. खर्च होतो किलोमीटरला ३.२० रुपये. वर घेतलेल्या १८ मायलेजच्या पेट्रोल गाडीत हाच खर्च सुमारे ५.५५ रुपये. म्हणजे दर किलोमीटरला साधारण २.३५ रुपये वाचतात.

सीएनजी मॉडेलसाठी ९०,००० रुपये जास्त मोजले असं धरलं, तर ते वसूल व्हायला गाडी सुमारे ३८,००० किलोमीटर चालावी लागेल. महिन्याला १५०० किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे दोन-सव्वादोन वर्षांत निघतात. ३०० किलोमीटर चालवणाऱ्याला साडेदहा वर्षं लागतात. तोवर सिलिंडरची दर ३ वर्षांनी करायची चाचणीही तीनदा झालेली असेल. तुमच्या भागातले दर आणि किमतीतला फरक टाकून हा हिशेब स्वतः करून पाहा.

सायकलवाल्यासाठी दुसरी अडचण जास्त मोठी आहे. सिलिंडर डिकीत बसतो. मागची सीट पाडली तरी मध्ये सिलिंडर आडवा येतो आणि सायकल सपाट ठेवता येत नाही. टाटाने टियागोसारख्या गाडीत एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवले आहेत. त्यात सामानाला जागा मिळते, पण तळ उंच होतो. सायकल मावते का, हे मोजूनच ठरवावं लागेल.

इलेक्ट्रिक गाडीलाही हेच गणित लागू होतं. गावात स्वतःच्या अंगणात चार्जिंगची सोय करणं शहरातल्या सोसायटीपेक्षा सोपं असतं. पण गाडीची जास्त किंमत वसूल होते ती गाडी भरपूर चालवल्यावरच.

सायकल गाडीत मावेल का?

सायकल गाडीत टाकायची वेळ कधी येते? सायकल रस्त्यात बिघडली, संध्याकाळी अचानक पाऊस आला, किंवा रविवारी कंटेनरच्या रस्त्यावरून सायकल न चालवता ती येऊरच्या पायथ्याशी वा मुरबाडच्या बाजूला नेऊन तिथून राइड सुरू करायची असली की.

इथे डिकीचे लिटर फसवतात. हा आकडा मागची सीट उभी असतानाचा असतो. सायकलसाठी सीट पाडल्यावरची लांबी आणि मागच्या दाराची उंची महत्त्वाची. शोरूममध्ये मोजपट्टी घेऊन जा आणि ही चार मापं घ्या:

१. मागच्या दाराच्या उघडणीची उंची आणि रुंदी.
२. मागची सीट पाडल्यावर, चालकाची सीट तुमच्या उंचीला लावून, तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी.
३. पाडलेल्या सीटमुळे मध्ये येणारी पायरी.
४. दोन्ही चाकांच्या कमानींमधली रुंदी.

आता सायकलची मापं. रोड बाइकचं ७०० सी चाक टायरसकट साधारण ६८ सेंटिमीटर असतं. २९ इंची एमटीबीचं चाक ७३-७४ सेंटिमीटर भरतं. एमटीबीचं हँडल ७० सेंटिमीटरपेक्षा रुंद असू शकतं, म्हणून ते वळवून ठेवावं लागतं. छोट्या हॅचबॅकमध्ये सहसा दोन्ही चाकं काढूनच सायकल ठेवावी लागते. क्विक रिलीज असेल तर हे दोन मिनिटांचं काम. जुन्या काळ्या सायकलला नट असतात, त्यामुळे गाडीत पाना ठेवा.

मागची सीट कशी दुमडते तेही पाहा. पूर्ण सीट एकसंध पडत असेल, तर सायकल ठेवल्यावर मागे कोणीच बसू शकत नाही. ६०:४० अशी विभागलेली सीट असेल, तर एका माणसाची जागा उरते. ही सोय एकाच गाडीच्या स्वस्त व्हेरियंटमध्ये नसते आणि महागात असते, असं होऊ शकतं. सेल्समनच्या शब्दावर न जाता जे व्हेरियंट घेणार त्याचीच सीट पाडून बघा. शक्य असेल तर सायकलच सोबत न्या. शोरूमवाले दोन मिनिटं बघत राहतील, पण पुढची दहा वर्षं गाडी तुम्हाला वापरायची आहे.

बाजारातल्या काही छोट्या पेट्रोल गाड्या

मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचे कंपन्यांनी दिलेले आकडे ढोबळमानाने असे आहेत:

• मारुती अल्टो के१०: लांबी ३५३० मिमी, डिकी २१४ लिटर, मायलेज सुमारे २४. गल्लीत वळवायला सोपी, पण उंची-रुंदी कमी.
• मारुती वॅगन आर: लांबी ३६५५ मिमी, उंची १६७५ मिमी, डिकी ३४१ लिटर, एक लिटर इंजिनचं मायलेज सुमारे २४. उंच छतामुळे सायकल आत घालणं आणि वयस्कर माणसांचं चढणं-उतरणं दोन्ही सोपं.
• मारुती सेलेरिओ: लांबी ३६९५ मिमी, डिकी ३१३ लिटर, मायलेज सुमारे २५.
• टाटा टियागो: लांबी ३७६५ मिमी, डिकी २४२ लिटर, मायलेज सुमारे २०.

अल्टो आणि वॅगन आरचं मायलेज जवळपास सारखं आहे, पण डिकीत १२७ लिटरचा फरक आहे. सायकलवाल्याने पाहायचा तो हा फरक.

सुरक्षेचे आकडेही पाहा. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी २०२० मध्ये टियागोला ४ तारे मिळाले होते. २०२३ मध्ये अल्टो के१० ला २ आणि वॅगन आरला १ तारा मिळाला. चाचणीतल्या या गाड्यांना दोनच एअरबॅग होत्या. त्यानंतर मारुतीने अल्टो आणि वॅगन आरमध्ये ६ एअरबॅग दिल्या आहेत. कंटेनरच्या रस्त्यावर रोज वावरणाऱ्याने हा मुद्दा मायलेजच्या आधी तपासावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी सेससकट २९ टक्के लागायचे. जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बजेट करू नका.

टपावरचा किंवा मागचा रॅक लावावा का?

टपावर उभी सायकल लावली की हवेचा विरोध वाढतो आणि मायलेज घटतं. उंचीही वाढते. वॅगन आरवर सायकल उभी केली तर एकूण उंची पावणेतीन मीटरच्या आसपास जाते. पार्किंगच्या कमानीखाली हे विसरलात तर सायकल आणि टप दोन्ही जातील. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त पडतो. पण सायकलमुळे नंबरप्लेट किंवा मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. झाकले तर दंड होऊ शकतो आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमचा ब्रेक दिसणार नाही. कधीतरीच सायकल न्यायची असेल, तर आत ठेवणंच बरं.

आत ठेवताना खाली जुनी गोधडी घाला आणि साखळीची बाजू वर ठेवा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठा अडकवा, म्हणजे चुकून ब्रेक दाबला तरी पॅड चिकटणार नाहीत. आणि सायकल पट्ट्याने बांधाच. जोरात ब्रेक लागला की सुटी सायकल थेट पुढच्या सीटवर येते.

कमी चालणाऱ्या गाडीची काळजी

• वापर कमी असेल तर चांगली सेकंडहँड गाडीही पुरते. पण भिवंडी-ठाणे पट्ट्यात पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या विक्रीला येऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग बघा, कार्पेटखाली वास घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, ते तपासा.
• आठवड्यातून एकदा २०-३० मिनिटं गाडी फिरवा, नाहीतर बॅटरी बसते. किलोमीटर कमी झाले तरी इंजिन ऑइल वर्षाला बदला.
• गोदामांच्या परिसरात उंदीर असतातच. उभ्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात. महिन्यातून दोनदा बॉनेट उघडून बघा.
• विम्यात 'जितकं चालवाल तितकं भरा' हा पर्याय विचारा. विमा नियामकाने २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली आहे. कमी किलोमीटरवाल्याला त्यात हप्ता कमी पडू शकतो.

स्टिअरिंगमागे बसल्यावर

सायकलवाल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. उगाच ब्रेक दाबला की मेहनत वाया जाते, हे त्याच्या पायांना माहीत असतं. कारमध्येही तेच करा. लांबवर बघा, सिग्नल लाल दिसला की आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडा, टायरमधली हवा दर पंधरवड्याला तपासा. मायलेज आपोआप सुधारतं. उतारावर न्यूट्रल मात्र करू नका.

सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडा. जर्मनीत आणि स्पेनमध्ये हे कायद्याने बंधनकारक आहे. गाडी थांबवल्यावर दार उघडताना उजवा चालक असाल तर डावा हात वापरा, म्हणजे शरीर आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

थोडक्यात, गाडी घ्यायची ती सायकलला जमत नाही त्या दिवसांसाठी. म्हणून आधी महिन्याचे किलोमीटर लिहून काढा, मग सुरक्षा बघा, मग सायकल आत घालून बघा आणि शेवटी मायलेज. आणि गाडी दारात आल्यावर तीन महिन्यांनी तोच किलोमीटरचा आकडा पुन्हा तपासा. तो ३०० वरून ८०० वर गेला असेल, तर दोष गाडीच्या मायलेजचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायलाही गाडी निघू लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ.