बंदुकीत हवा भरण्याची दोन शतके

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८०च्या सुमारास हवेवर चालणारी एक रायफल स्वीकारली. तिला दारू लागत नसे, त्यामुळे धूरही होत नसे. तिरोलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेओ गिरार्दोनी या कारागिराची ती निर्मिती होती. नळीला लागून असलेल्या नळकांड्यात वीसेक शिशाच्या गोळ्या राहत आणि दस्त्याच्या जागी लोखंडी पत्र्याची बंद टाकी बसवलेली असे. सगळी बंदूक साडेचार किलोंच्या घरात. खरी अडचण होती ती टाकी भरण्याची. त्यासाठी सुमारे १,५०० वेळा हातपंप मारावा लागे, तेव्हा कुठे टाकीत ५५ बारच्या आसपास दाब चढे आणि तीसेक गोळ्या कामाच्या जोराने सुटत. म्हणून शिपायाला भरलेल्या जादा टाक्या दिल्या जात आणि सैन्याबरोबर गाड्यावर बसवलेला मोठा पंपही असे. बंदूक तयार होती, हवा तयार नव्हती. आणि हे रडगाणे पुढे दोनशे वर्षे टिकले.

इतक्या वेळा पंप का मारावा लागे, याचे उत्तर दट्ट्याच्या आकारात आहे. दीड सेंटिमीटर व्यासाचा दट्ट्या ५५ बारच्या विरुद्ध दाबायचा तर त्यावर जवळजवळ १०० किलोंचा भार द्यावा लागतो. एवढे वजन बहुतेक शिपायांचे नसते. व्यास १.२ सेंटिमीटरवर आणला तर ६३ किलोंत भागते, म्हणजे माणसाने अंग टाकले की दट्ट्या खाली जातो. पण दट्ट्या बारीक झाला की एका खेपेत आत जाणारी हवाही तितकीच कमी होते. जोर वाचवावा तर खेपा वाढतात, खेपा वाचवाव्यात तर जोर पुरत नाही. शिवाय टाकीचे सांधे आणि चामड्याच्या चकत्या हवा धरून ठेवतील याचा भरवसा नसे; चामडे वाळले की टाकी गळू लागे. त्या काळच्या लोहारकामाला असा पत्रा एकसारखा साधणे जड जाई. १८१५च्या सुमारास ही रायफल सैन्यातून गेली. अमेरिकेत मेरिवेदर लुईसने १८०३ ते १८०६च्या मोहिमेत अशीच एक बंदूक नेली होती आणि वाटेतल्या आदिवासी वस्त्यांवर छाप पाडण्यासाठी तो ती चालवून दाखवी. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी, पिट्सबर्गजवळ, बघ्यांपैकी एकाच्या हातून ती चुकून सुटली आणि दूर उभ्या असलेल्या एका बाईला गोळी चाटून गेली. बाई बचावली.

हाताच्या जागी इंजिन आले म्हणून प्रश्न सुटला नाही, कारण दाबली की हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तोच हा प्रकार. ३० अंशांची हवा एकाच झटक्यात २०० बारपर्यंत दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने तिचे तापमान १,००० अंश सेल्सियसच्या वर जाते. कोणतेही वंगण आणि कोणतीही चकती एवढा ताप सोसणार नाही. तेलाची वाफ त्यात सापडली तर पेटतेच. डिझेलचे इंजिन चालते ते याच गुणावर. उपाय म्हणजे काम टप्प्यांत वाटणे. पहिल्या मोठ्या सिलिंडरात हवा चौपटीच्या आत दाबायची, नळीच्या वेटोळ्यातून थंड करायची, मग त्याहून लहान सिलिंडरात पुन्हा दाबायची. २०० बारसाठी असे चार टप्पे केले तर प्रत्येक टप्प्याअखेर तापमान १६५ अंशांच्या आसपास राहते. शेवटचा दट्ट्या करंगळीएवढा असला तरी चालतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत हवेचे आकारमान मुळातच फार कमी झालेले असते.

ही विद्या बंदूकवाल्यांनी विकसित केली नाही. आल्प्समधल्या फ्रेज्यूस बोगद्यात १८६१पासून दाबलेल्या हवेची छिद्रणयंत्रे चालू लागली, पण तिथला दाब मामुली होता. जास्त दाबाची गरज आधी आरमाराला भासली. रॉबर्ट व्हाइटहेडचा १८६६चा पाणतीर सुमारे २५ बारच्या हवेवर चाले. त्याचा पल्ला वाढवायचा तर हवा जास्त भरावी लागे, त्यामुळे पहिल्या महायुद्धापर्यंत हा दाब १०० बारच्या पुष्कळ वर गेला आणि युद्धनौकांवर अनेक टप्प्यांचे कॉम्प्रेसर आले. त्याच सुमारास हवा द्रवरूप करण्याच्या कार्ल फोन लिंड यांच्या पद्धतीला आणि १९१३मध्ये ओपाऊ येथे सुरू झालेल्या अमोनियाच्या कारखान्याला २०० बारच्या आसपासचा दाब लागू लागला. मात्र ही सगळी यंत्रे खोलीएवढी. १९४३मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाणबुड्यांसाठी श्वसनयंत्र तयार केले, तेव्हा दोघांनी उचलून होडीत ठेवता येईल अशा कॉम्प्रेसरला मागणी आली. म्युनिकची बाउअर ही १९४६मध्ये स्थापन झालेली कंपनी याच धंद्यात नावारूपाला आली.

हवेची बंदूक परत आली ती या पाणबुड्यांच्या पाठीवरून. इंग्लंडमधल्या डेस्टेट कंपनीचा आरंभ जनावरांना गुंगीचे औषध टोचणाऱ्या बंदुकांपासून झाला आणि १९८०च्या दशकात तिने आधीच हवा भरून ठेवायची रायफल बाजारात आणली. टाकी भरायला गिऱ्हाईक पाणबुड्यांच्या दुकानात जाई. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून १० मीटर एअर रायफल हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला; त्या वेळी स्प्रिंगच्या, एका झटक्यात हवा दाबणाऱ्या आणि पुढे कार्बन डायऑक्साइडच्या बंदुका वापरात होत्या. हा वायू भरायला सोपा, पण त्याचा दाब हवामानावर ठरतो: २० अंशांना ५७ बार, ३० अंशांना ७२. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्यावर भिस्त ठेवणे अवघडच. १९९०च्या दशकात २०० बारच्या हवेने त्याची जागा घेतली. बीजिंगमध्ये २००८ साली अभिनव बिंद्राने जिंकलेले सुवर्णपदक आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे २०२२चे कैरोतले विश्वविजेतेपद याच प्रकारातले.

हातपंपही पुन्हा अवतरला, या खेपेला तीन टप्प्यांचा. त्याने २०० बार गाठता येतात, पण घाम गिरार्दोनीच्या शिपायाइतकाच निघतो. २०१०नंतर चिनी बनावटीचे, विजेच्या घरगुती जोडणीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या किमतीच्या अंशात मिळू लागले. त्यांत बहुधा दोनच टप्पे असतात. ३०० बार दोन टप्प्यांत गाठायचे तर हिशेबाचे तापमान ४०० अंशांवर जाते. म्हणून बादलीतले पाणी छोट्या पंपाने यंत्राभोवती खेळवतात, बादलीत बर्फही टाकतात. रायफलचा पाव लिटरचा सिलिंडर भरायला असे यंत्र पुरे, कारण २०० बारला त्यात साधी हवा ५० लिटरच मावते. ६.८ लिटरची साठवण टाकी ३०० बारला भरायची तर हवा १,९०० लिटरच्या घरात लागते आणि तेवढा वेळ एका दमात चालणे हे दोन टप्प्यांच्या यंत्राचे काम नव्हे. त्याच्या रिंगा आणि झडपा लवकर जातात. विकणारा ३०० बारचा आकडा पुढे करतो. टप्पे किती, मिनिटाला हवा किती लिटर आणि न थांबता किती वेळ चालेल, हे मात्र गिऱ्हाइकानेच विचारावे लागते.

पाण्याचा प्रश्न दाबाहून कमी बोलला जातो आणि नुकसान जास्त करतो. कोकणातल्या पावसाळी हवेत घनमीटरला २४ ग्रॅम बाष्प सहज असते. वर सांगितलेली साठवण टाकी एकदा भरताना सुमारे ४५ ग्रॅम पाणी यंत्रात शिरते. त्यातले बरेचसे थंड होताना सुटते आणि निचऱ्याच्या झडपेतून बाहेर काढता येते. झडप दर काही मिनिटांनी उघडली नाही, तर तेच पाणी पुढे टाकीत जाते. उरलेले बाष्प शोषणाऱ्या खड्यांच्या गाळणीत अडकते, पण खडे ठरावीक तासांनी बदलावे लागतात. पोलादी टाकी आतून गंजली तर बाहेरून काही दिसत नाही. पाणबुड्याला त्याशिवाय तेलाचा अंश गाळणारा कोळसाही लागतो. बंदुकीसाठीचे स्वस्त यंत्र श्वासाची हवा भरायला म्हणूनच वापरू नये. उलट हवेऐवजी ऑक्सिजन बंदुकीत भरणे तर जिवावर बेतणारे, कारण आतल्या ग्रीसचा दाबाखाली स्फोट होतो.

भारतात दाबलेल्या वायूचे सिलिंडर २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात आणि त्यांची मंजुरी नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे पेसोकडे असते. मोटारीच्या सीएनजी टाकीतला दाबही २०० बारच असल्याने ठरावीक मुदतीने पाणी भरून टाकी तपासून घेण्याची पद्धत वाहनचालकांना ठाऊक आहे. नेमबाजीच्या सिलिंडरवरही बनल्याची तारीख कोरलेली असते, बनवणारे त्याला सहसा दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत ती उलटलेली नाही हे पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. क्लबसाठी चार टप्प्यांचे एक यंत्र आणि साठवणीच्या मोठ्या टाक्या हीच जोडी परवडते: यंत्र आठवड्यातून एकदा सावकाश चालवायचे, आणि रोजच्या बंदुका टाकीतून भरायच्या.