‘लोह’ : एका धातुनामाचे अर्थांतर

‘लोह’ म्हणजे लोखंड, हा अर्थ आज निःशंक मानला जातो; परंतु तो या शब्दाला आरंभापासून लाभलेला नाही. ‘रोहित’ आणि ‘लोहित’ ही मुळात एकाच शब्दाची दोन रूपे असून दोहोंचा अर्थ तांबडा असा आहे. ‘लोह’ हा त्यांचाच सगोत्र. तांबड्या वर्णाचा धातू, म्हणजे तांबे, हा त्याचा मूळ अर्थ होय. तांबड्याचे नाव काळ्या धातूकडे कसे गेले, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. प्राचीन ग्रंथांचा काळ ठरवण्याशीही तो निगडित आहे.

ऋग्वेदात धातुवाचक म्हणून ‘अयस्’ हा शब्द येतो. त्याचा लॅटिन सगोत्र ‘एस’ हा तांबे आणि कांसे यांचा वाचक आहे. त्यामुळे ‘अयस्’ दिसताच लोखंड समजणे आणि त्यावरून ऋग्वेदकाळी लोखंड होते असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते. अथर्ववेदात श्याम आणि लोहित असा वर्णभेद स्पष्ट होतो. वाजसनेयी संहितेच्या १८व्या अध्यायातील धातूंच्या यादीत ‘श्याम’ आणि ‘लोह’ हे वेगळे मोजलेले आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला मातीचा गोळा, लोहमणी आणि नखे काढण्याचे हत्यार असे तीन दृष्टांत देतो. त्यांतील हत्यार ‘कार्ष्णायसा’चे, म्हणजे काळ्या धातूचे आहे. तेव्हा त्याआधीचा लोहमणी लोखंडाचा नव्हे, हे उघड आहे. भाष्यकार शंकराचार्य मात्र त्याचा अर्थ सुवर्णपिंड असा करतात. मूळ अर्थ तोवर धूसर झाला असावा, असे यावरून दिसते.

या अर्थांतराचा मधला टप्पा अमरकोशात सापडतो. तेथे ‘लोह’ हे लोखंडाचे नाव आहे आणि धातुमात्राचेही. तांब्यावरून हा शब्द सर्व धातूंकडे गेला आणि पुढे शस्त्र, नांगर व अवजारे ज्याची होऊ लागली त्या धातूवर स्थिरावला, असे मानणे सयुक्तिक ठरते. तांब्यासाठी ‘ताम्र’ रूढ झाला. तोही आरंभी तांबूस वर्णाचे विशेषणच. वर्णावरून धातूला नाव देण्याची रीत संस्कृतापुरती नाही. तमिळमध्ये तांब्याचे नाव ‘चेंबु’ तांबडेपणावरून आले आहे आणि लोखंडाला ‘करुंपोन्’, म्हणजे काळा धातू, असेही म्हटले आहे. दक्षिणेतील ‘पंचलोह’ मूर्तींत तांबे हाच प्रमुख घटक असतो. तेथे ‘लोह’ शब्दाचा व्यापक अर्थ आजही जिवंत आहे.

मराठीत या शब्दाचा संसार विभागला गेला. ‘लोहखंड’ या समासातून ‘लोखंड’ हा रोजच्या व्यवहाराचा शब्द घडला. कारागिराला ‘लोहार’ हे नाव राहिले. कठीण लोखंडासाठी फारसीतून ‘पोलाद’ आले. ‘लोह’ स्वतः शास्त्राच्या आणि गौरवाच्या भाषेत वावरू लागला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी धावली. तिच्या वाटेला पुढे ‘लोहमार्ग’ हे भारदस्त नाव मिळाले. वल्लभभाई पटेल ‘लोहपुरुष’ झाले.

लोहाच्या प्राचीनतेचा निर्णय शब्दांवर सोपवता येत नाही, तो उत्खननाने व्हावा लागतो. तमिळनाडू शासनाने जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील लोखंड इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकापर्यंत मागे नेले आहे आणि त्यावर विद्वानांत चर्चा सुरू आहे. तिचा निष्कर्ष काहीही निघो, ‘लोह’ शब्द दिसताच लोखंड वाचण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

संस्कृतात ‘लोहित’ म्हणजे रक्तही. आज वैद्य रक्तातील लोह कमी झाल्याचे सांगतात, तेव्हा ते अर्थातच लोखंडाविषयी बोलत असतात. पण रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्यात हेच लोह असते. हजारो वर्षांपूर्वी तांबड्या वर्णापासून दूर गेलेला शब्द अशा रीतीने, नकळत, त्याच वर्णापाशी परत आला आहे.