रग्बी प्रीमियर लीग
भारतातील फ्रँचायझी पद्धतीची रग्बी स्पर्धा. तिचा पहिला हंगाम जून 2025 मध्ये मुंबईत, अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात, 6 संघांमध्ये झाला. प्रत्येक बाजूस 7 खेळाडू असलेल्या, म्हणजेच ‘सेव्हन्स’ प्रकारच्या, आंतरराष्ट्रीय सामन्यात एरवी 7 मिनिटांची 2 सत्रे असतात; येथे मात्र 4 मिनिटांची 4 सत्रे ठेवल्याने सामना 14 ऐवजी 16 मिनिटांचा झाला. वाढ जेमतेम 2 मिनिटांची असली, तरी खरा बदल विश्रांतीचा आहे, कारण खेळ तीनदा थांबत असल्याने प्रशिक्षकाला डावपेच बदलण्यास आणि प्रक्षेपणाला जाहिरातींसाठी अधिक वाव मिळतो. सेव्हन्सचा अखंड वेग त्यामुळे काहीसा खंडित होतो, हेही खरे. परदेशी नामवंतांबरोबर भारतीय खेळाडूंनाही प्रत्येक संघात स्थान देणाऱ्या या हंगामाचे विजेतेपद चेन्नई बुल्सने मिळवले.