संकरित टॅब्लेट : लॅपटॉप व डेस्कटॉपला पर्याय

ज्याचा पडदा हाच संपूर्ण संगणक असतो आणि ज्याला कीबोर्ड हवा तेव्हा जोडता व नको तेव्हा काढून ठेवता येतो, असा स्पर्शपडद्याचा संगणक म्हणजे संकरित टॅब्लेट. बाजारात त्याला ‘टू-इन-वन’ म्हणतात. कीबोर्ड सुटा न होता पडद्यामागे ३६० अंशांत उलटणारे लेनोवो योगासारखे (२०१२) संगणकही याच नावाखाली विकले जातात. पण ते मुळात लॅपटॉपच असल्याने ते लॅपटॉपची जागा घेतील का, हा प्रश्न त्यांच्याबाबत उद्भवत नाही. प्रस्तुत नोंद सुट्या कीबोर्डच्या टॅब्लेटपुरती आहे.

कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लहान मुलांसाठी ‘डायनाबुक’ या वहीएवढ्या संगणकाचा आराखडा मांडला. त्या आराखड्यातही पडद्याखाली कीबोर्ड होताच. प्रत्यक्ष बाजारात मोठी उडी घेतली ती मायक्रोसॉफ्टने. नोव्हेंबर २००१ मध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी भाकीत केले, की पाच वर्षांत अमेरिकेत विकला जाणारा सर्वांत लोकप्रिय संगणक टॅब्लेट असेल. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती आली, पाठोपाठ कॉम्पॅकचा टीसी१००० हा कीबोर्ड सुटा होणारा टॅब्लेटही आला. भाकीत साफ फसले. यंत्रे जड आणि महाग होती, बॅटरी लवकर संपे. शिवाय माउसच्या टोकासाठी आखलेले मेनू पेनाने टिपत बसावे लागत. विंडोज तीच ठेवून हाताळणी तेवढी बदलायची, हा त्या वेळचा हिशेबच चुकला होता.

एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आलेल्या आयपॅडने हा पेच उलट बाजूने सोडवला. त्याने डेस्कटॉपची प्रणाली बाजूलाच ठेवली आणि फोनची प्रणाली मोठ्या पडद्यावर आणली. तेव्हापासून संकरित टॅब्लेटच्या दोन वाटा झाल्या. एक, पूर्ण संगणक आक्रसत टॅब्लेटच्या आकारात बसवायचा. ही मायक्रोसॉफ्टची वाट. दुसरी, टॅब्लेटला एकेक अवयव जोडत संगणकापर्यंत न्यायचे, ही ॲपलची. ॲपलने ही वाट सुरुवातीला उघडपणे नाकारली होती. टॅब्लेट आणि लॅपटॉप एकत्र करणे म्हणजे टोस्टर आणि फ्रिज यांचे लग्न लावणे, अशा अर्थाची थट्टा ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी एप्रिल २०१२ मध्ये केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच कुक यांनी आयपॅड प्रो बाजारात आणताना, लोक यापुढे पीसी घेतीलच कशाला, असा सवाल केला. साडेतीन वर्षांत टोस्टर आणि फ्रिजची सोयरीक जमली होती.

मायक्रोसॉफ्टच्या वाटेवरचा पहिला मोठा अपघात बोधप्रद आहे. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ बरोबर ‘सरफेस आरटी’ आला. मागे उघडणारा स्टँड, चुंबकाने खटकन चिकटणारे कीबोर्डचे आवरण आणि किंमत ४९९ डॉलरपासून. डेस्कटॉप तोच, वर्ड-एक्सेलही आत भरलेले. ग्राहकाने घरी नेऊन आपला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम टाकायला घेतला, की तो चालत नसे. आतला प्रोसेसर एआरएम जातीचा, आणि जुने प्रोग्रॅम इंटेलच्या जातीसाठी लिहिलेले. दिसायला विंडोज, पण विंडोज ज्यासाठी घेतात ते सोडून सगळे! जुलै २०१३ मध्ये कंपनीला या मालापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा खाती टाकावा लागला. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेतो की नाही, हे वेग किंवा वजनावर नव्हे, तर ग्राहकाने वर्षानुवर्षे साठवलेल्या प्रोग्रॅमवर आणि सवयींवर ठरते, याचा इतका खर्चिक पुरावा दुसरा नाही.

मे २०१४ मधल्या सरफेस प्रो ३ ची जाहिरातच ‘लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट’ अशी होती. अनावरणाच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या पॅनॉस पनाय यांनी व्यासपीठावर तराजू ठेवून एका पारड्यात मॅकबुक एअर आणि दुसऱ्यात सरफेस ठेवला. सरफेसचे पारडे वर गेले. त्याचे वजन होते ८०० ग्रॅम. कीबोर्डचे आवरण मात्र पारड्यात नव्हते. ते १२९ डॉलरला वेगळे विकत घ्यायचे होते. या वर्गातल्या किमतींची हीच गोम आहे. २०१५ चा आयपॅड प्रो ७९९ डॉलरला, त्याचा कीबोर्ड १६९ ला आणि पेन्सिल ९९ ला. म्हणजे एकूण १,०६७. त्याच वर्षी ११ इंची मॅकबुक एअर ८९९ डॉलरला मिळत होता, आणि त्याला कीबोर्ड अर्थातच होता.

प्रो ३ मात्र आरटीसारखा लंगडा नव्हता. त्यात इंटेलचा प्रोसेसर होता आणि लॅपटॉपवर चालणारे सगळे प्रोग्रॅम त्यावर चालत. ३:२ प्रमाणाचा बारा इंची पडदा कागदाच्या आकाराच्या जवळ जाणारा असल्याने वाचायला सोयीचा. अडचण राहिली ती बसण्याची. लॅपटॉपचे वजन खालच्या भागात असते, त्यामुळे तो मांडीवर स्थिर राहतो. इथे सगळे वजन पडद्यात. तो मागच्या स्टँडवर रेलतो, आणि स्टँड उघडला की टॅब्लेटला लॅपटॉपपेक्षा बरीच जास्त खोली लागते. टेबलावर काही प्रश्न येत नाही. पण पलंगावर मांडी घालून बसणाऱ्याला स्टँडची धारदार कड रुतते आणि स्टँड पुढे सरकला की टॅब्लेट मागे कलंडतो. पुढे पडदा अधांतरी तोलून धरणारा, वजनदार तळाचा कीबोर्ड ॲपलने २०२० मध्ये आणला तेव्हा पडदा स्थिरावला, पण कीबोर्डसह वजन जवळपास लॅपटॉपइतकेच झाले. उभ्या पडद्याला सतत हात लावत काम करण्याने दंड भरून येतात, हा मुद्दा स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २०१० मध्येच मांडला होता. कीबोर्ड लावलेल्या टॅब्लेटला अखेर टचपॅड का लागला, त्याचे उत्तर त्यात आहे.

आयपॅडची नंतरची दहा वर्षे म्हणजे नाकारलेल्या गोष्टी एकेक करून स्वीकारण्याचा इतिहास. २०१५ मध्ये दोन ॲप शेजारी-शेजारी, २०१७ मध्ये फायली ठेवण्याचे ॲप, २०१८ मध्ये यूएसबी-सी, २०१९ मध्ये पेन ड्राइव्ह वाचण्याची सोय, मार्च २०२० मध्ये टचपॅडचा पूर्ण आधार, २०२१ मध्ये मॅकमधलाच एम१ प्रोसेसर, २०२२ मध्ये एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या आणि २०२५ मध्ये चक्क वरची मेनूपट्टी. ताकद केव्हाच आली होती; कमी पडत होते ते काम करण्याचे स्वातंत्र्य. फायनल कट प्रो हे चित्रफीत संपादनाचे सॉफ्टवेअर मे २०२३ मध्ये आयपॅडवर आले, तेव्हा बाहेरच्या डिस्कवरचे चित्रीकरण जिथल्या तिथे कापता येत नव्हते. आधी सगळे टॅब्लेटमध्ये उतरवून घ्यावे लागे. ही सोय पुढच्या वर्षी मिळाली. आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. ॲपलचेच एक्सकोड हे ॲप बनवण्याचे साधन आयपॅडवर नाही, म्हणजे आयपॅडसाठीचे बहुतेक ॲप मॅकवर लिहिले जातात.

महाराष्ट्रातल्या कार्यालयात ही मर्यादा आणखी रोखठोक भासते. मराठी छपाईची कित्येक वर्षांची कामे श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा खच दिसतो. हिशेबासाठी टॅली, ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, कोपऱ्यातला जुना प्रिंटर या सगळ्यांचे प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर विंडोज गृहीत धरून बनलेले. अशा ठिकाणी विंडोजचा संकरित टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो; आयपॅड किंवा अँड्रॉइडचा टॅब्लेट सोबतीला राहतो. भारतात मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये १४,९९९ रुपयांना ‘कॅनव्हास लॅपटॅब’ आणला होता. दहा इंची पडदा, विंडोज, सोबत कीबोर्ड. पण रॅम २ जीबी आणि साठवण ३२ जीबी. एवढ्या जागेत विंडोजचे स्वतःचे अपडेटच दाटीवाटीने बसत, प्रोग्रॅमची बात दूरच.

एआरएमचा जुना वाद २०२४ मध्ये बराचसा मिटला. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा सरफेस प्रो इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालता चालता भाषांतरित करतो, आणि ते आता सुसह्य वेगाने होते. ड्रायव्हरना मात्र हे भाषांतर लागू होत नाही. म्हणून एखादा जुना स्कॅनर अजून हटून बसतो.

जिथे टॅब्लेट निर्विवाद जिंकला, तिथे त्याने लॅपटॉपला नव्हे, कागदाला हटवले. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ मध्ये यॉर्कशायरमधल्या वसंतागमनाची चित्रमालिका आयपॅडवर काढली. उघड्यावर, रंग वाळण्याची वाट न पाहता. अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या नकाशे-पुस्तिकांनी भरलेल्या सोळा किलोंच्या बॅगांची जागा २०१३ मध्ये आयपॅडने घेतली. ही कामे लॅपटॉप कधी करतच नव्हता, आणि कीबोर्डवाचून तिथे कोणाचे अडलेही नाही.

डेस्कटॉपचा प्रश्न वेगळा आहे आणि तो उष्णतेपाशी येऊन थांबतो. २०२४ चा मोठा आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा आहे. त्यात पंखा नाही. लहान कामात तो डेस्कटॉपला गाठतो, पण तासभर चालणाऱ्या रेंडरिंगमध्ये प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरतो. डेस्कटॉपचे एकटे ग्राफिक्स कार्ड शंभर-दोनशे वॉट सहज घेते, कारण ती उष्णता बाहेर फेकायला पंखे आणि मोकळी हवा असते. पत्रव्यवहार, हिशेब आणि ब्राउझर एवढेच काम असेल, तर डॉक, मोठा मॉनिटर आणि पूर्ण आकाराचा कीबोर्ड जोडून सरफेस टेबलावरचा डेस्कटॉप होतो. अनेक कार्यालयांत तो तसाच वापरतात. त्या जोडणीत टॅब्लेटपण उरत नाही, हा भाग निराळा.

दुरुस्तीत संकरित टॅब्लेट सर्वांत मागे आहे. डेस्कटॉपची रॅम किंवा वीजपुरवठा शेजारच्या दुकानातही बदलून मिळतो. टॅब्लेट उघडायचा तर गरम करून पडद्याचा गोंद सैल करावा लागतो, आणि त्यात काच तडकण्याची भीती. दुरुस्तीसुलभतेत आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संकेतस्थळाने सरफेस प्रो ३ ला दहापैकी एक गुण दिला होता. पुढे प्रो ७ प्लससारख्या टॅब्लेटमध्ये मागची छोटी झडप काढून एसएसडी बदलता येऊ लागली. रॅम मात्र मदरबोर्डवर डाख देऊन बसवलेली असते. त्यामुळे ती किती हवी हे खरेदीच्या दिवशीच ठरवून टाकावे लागते.