यात्सेक कुरोन : बंदी आणि मंत्री

पोलिश भाषेत 'कुरोन्यूफ्का' असा एक शब्द आहे. बेकार मनुष्यास सरकारकडून मिळणारा भत्ता, हा त्याचा अर्थ; गोरगरिबांना वाटल्या जाणाऱ्या सूपलाही लोक हेच नाव देत. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द तयार झाला ते यात्सेक कुरोन हे पोलंडचे मजूरमंत्री होते. मंत्र्याचे नाव रस्त्याला किंवा पुलाला दिले जाते हे आपण पाहतो. बेकारभत्त्याला दिले जाणे हे विरळाच. त्यातून कुरोन हे असे गृहस्थ, की ज्यांनी मंत्रिपदापूर्वी आयुष्याची सुमारे नऊ वर्षे आपल्याच देशाच्या तुरुंगांत काढली होती, आणि तीही कामगारांची बाजू घेतली म्हणून.

कुरोन यांचा जन्म 1934 साली ल्वुफ येथे झाला. हे शहर त्या वेळी पोलंडमध्ये होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएट सैन्य या पूर्वपट्ट्यात शिरले आणि तेथील लक्षावधी पोलिश लोकांना सायबेरिया व मध्य आशियाकडे पाठविण्यात आले. त्यांपैकी काही हजार निर्वासितांना पुढे कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला, ही गोष्ट मराठी श्रोत्यांपैकी अनेकांस ठाऊक असेल. कुरोन कुटुंबावर तो प्रसंग आला नाही. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी ते वॉर्सा येथे येऊन राहिले.

घराणे समाजवादी विचारांचे होते. मुलगा त्याही पुढे जाऊन कम्युनिस्ट झाला. वॉर्सा विद्यापीठात त्याने इतिहासाचे अध्ययन केले आणि बालवीर पथकांतून मुलांना नव्या समाजाचे धडे दिले. ही श्रद्धा वरवरची नव्हती, आणि म्हणूनच ती पुढे राज्यकर्त्यांना जड गेली. 1964 साली त्याने व त्याचा मित्र कारोल मोझेलेव्स्की याने राजवटीची चिकित्सा करणारा मजकूर लिहावयास घेतला. पोलिसांनी तो जप्त केला आणि पक्षाने दोघांना काढून टाकले. तेव्हा त्यांनी तोच विचार पक्षसभासदांना उद्देशून एका अनावृत पत्रात मांडला. त्यातील प्रतिपादन असे की, कारखाने कामगारांचे आहेत हे केवळ बोलावयाचे. वास्तविक मालकी नोकरशाहीची असून कामगारास ना कारभारात वाटा, ना तोंड उघडण्याची मुभा. मार्क्सचीच परिभाषा वापरून मार्क्सचे नाव घेणाऱ्या सत्तेला विचारलेला हा जाब होता. 1965 च्या जुलैत कुरोन यांना तीन वर्षांची आणि मोझेलेव्स्की यांना साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. सुटून वर्ष होते न होते तोच, 1968 च्या विद्यार्थी चळवळीच्या वेळी, त्यांना पुन्हा अटक झाली.

1976 च्या जूनमध्ये सरकारने अन्नधान्याच्या किमती वाढविल्या. रादोम व उर्सुस येथील कामगार रस्त्यावर आले. त्यांना मारहाण झाली, शिक्षा झाल्या, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या सप्टेंबरात चौदा जणांनी कामगार संरक्षण समिती स्थापन केली, आणि कुरोन हे त्यांपैकी एक. बंदिस्त राजवटीत लोक गुप्त मंडळे काढतात. या मंडळींनी मात्र आपली नावे व पत्ते उघडपणे प्रसिद्ध केले. वकील मिळवून देणे, औषधपाणी पाहणे, तुरुंगात गेलेल्याच्या घरी पैसे पोहोचविणे हे त्यांचे काम. पक्षाच्या कचेऱ्या जाळण्यापेक्षा आपल्या समित्या उभारा, असा कुरोन यांचा आग्रह असे. 1980 च्या उन्हाळ्यात संप सुरू झाले, तेव्हा कुरोन यांच्या घरचा टेलिफोन हेच देशाचे वृत्तकेंद्र झाले. कोठल्या गिरणीत काम थांबले हे तेथे कळवावयाचे, तेथून ते परदेशी वार्ताहरांस कळावयाचे, आणि परदेशी नभोवाणीवरून ते पोलंडच्या घराघरांत परत यावयाचे.

त्या संपांतून 'सॉलिडॅरिटी' ही स्वतंत्र संघटना जन्मास आली. कुरोन तिचे सल्लागार होते. शेजारी बलाढ्य सोव्हिएट सत्ता आहे हे ओळखून, आपल्या क्रांतीने आपली मर्यादा आपणच घालून घ्यावी असे ते सांगत. तरीही 13 डिसेंबर 1981 रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि कुरोन स्थानबद्ध झाले. त्यांच्या पत्नी ग्राझिना यांचे नोव्हेंबर 1982 मध्ये निधन झाले, त्या वेळी ते कैदेतच होते. 1984 च्या सार्वत्रिक माफीने त्यांची सुटका झाली.

1988 साली गोलमेज परिषदेची बोलणी निघाली, तेव्हा कुरोन व आदाम मिखनिक हे दोघे त्या मेजाशी नकोत, असा सरकारचा हट्ट होता. तो टिकला नाही. 1989 च्या फेब्रुवारीत ते दोघेही तेथे बसले. 4 जूनच्या निवडणुकीनंतर कुरोन सेयममध्ये, म्हणजे पोलिश लोकसभेत, गेले आणि सप्टेंबरात तादेउश माझोव्येत्स्की यांच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले.

येथून त्यांच्या आयुष्याचा सर्वांत अवघड भाग सुरू होतो. किमती अनावर झाल्या होत्या. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी एकदम बाजारपेठेची व्यवस्था आणली. ज्या देशात बेकारी नाही असे सरकारदरबारी मानले जाई, तेथे वर्षअखेर अकरा लाखांवर लोक बेकार झाले. त्यांत ज्या कारखान्यांनी सॉलिडॅरिटीला जन्म दिला त्यांचेच कामगार होते. कुरोन यांनी बेकारभत्त्याची व्यवस्था केली, अन्नछत्रे उघडण्यास चालना दिली आणि दर आठवड्यास दूरदर्शनवर येऊन साध्या भाषेत लोकांशी बोलणे सुरू केले. अंगात नेहमीचा जीनचा सदरा, आवाज घोगरा, आणि संकट लहान करून सांगण्याची सवय नाही. शासकीय कामात वर्षे घालविलेल्या मनुष्यास याचे मोल विशेष जाणवते. अप्रिय निर्णयाचे परिपत्रक काढणे सोपे असते. तो निर्णय ज्यास भोवणार त्याच्यासमोर बसून समजावणे फार थोड्यांस साधते.

1992 साली हान्ना सुहोत्स्का यांच्या सरकारात ते पुन्हा त्याच खात्यावर आले. कारखान्यांच्या भवितव्यात कामगारांस वाटा मिळावा म्हणून त्यांनी संघटनांशी करार घडवून आणला. परंतु त्याचे कायदे होण्यापूर्वीच, मे 1993 मध्ये, सरकार अविश्वासाच्या ठरावावर एका मताने पडले. ठराव आणला होता सॉलिडॅरिटीच्याच प्रतिनिधींनी.

संसदेतील त्यांचे आणखी एक काम सांगितले पाहिजे. अल्पसंख्याकांच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते, आणि पोलिश व युक्रेनी लोकांत समेट व्हावा म्हणून ते झटले. जन्मगाव ज्यांच्याकडे गेले त्यांच्याविषयी त्यांनी मनात आकस ठेवला नाही. 1995 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते तिसरे आले. मते नऊ टक्क्यांहून थोडी अधिक. 17 जून 2004 रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या मंत्रिपदाचा झाडा घेतला. सुधारणांचा भार दुबळ्यांवर पडला, कामगार नव्या व्यवस्थेचा भागीदार झाला नाही, आणि यात आपलाही हात आहे, असे ते उघड म्हणत. त्यांचे टीकाकार यास पश्चात्ताप म्हणतात, तर काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की दुसरा मार्गच नव्हता. हा वाद पोलंडमध्ये मिटलेला नाही. परंतु तिशीच्या कुरोन यांनी सत्तेला जो प्रश्न अनावृत पत्रातून विचारला होता, तोच त्यांनी वार्धक्यात, स्वतः सत्ता भोगल्यानंतर, स्वतःला विचारला. सत्तेपूर्वीचे प्रश्न सत्तेनंतर विसरणारे पुढारी सर्व देशांत आढळतात. कुरोन त्यांच्यातले नव्हते. आणि भत्त्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांनी त्यांचे नाव त्या भत्त्याला दिले, त्यात थट्टा असेल, रोषही असेल, पण आपला मनुष्य म्हणून ओळखही होती.