इंदूरच्या राजवाड्याची प्रतिकृती : रंगकाम आणि बारकावे

गणपतीच्या आराशीसाठी राजवाडा करायचा ठरला की पुठ्ठा कापण्यापर्यंत सगळे नीट जमते. घोटाळा होतो तो रंगात. या सात मजली वास्तूचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. हा फरक दिसला तर तो राजवाडा, नाहीतर कुठलाही वाडा. अख्ख्या इमारतीला एकच तपकिरी रंग फासलेला पाहिला की आम्हाला हळहळ वाटते. १९८४च्या आगीत वाड्याचे अतोनात नुकसान झाले, जुना उरला तो मुख्यतः दर्शनी भाग. नंतर जन्मलेल्या मुलांना निदान तेवढा तरी बरोबर दाखवायला हवा.

आम्ही १:१०० प्रमाण धरतो. एक मीटरचा एक सेंटिमीटर. तीस सेंटिमीटरचा दगडी थर तीन मिलिमीटरचा होतो, पण दोन थरांमधली एक सेंटिमीटरची दरज जेमतेम ०.१ मिलिमीटर. साध्या पेनाची रेघ त्याच्या पाचपट जाड! म्हणून दरजा शाईने काढू नयेत. बोथट सुईने पुठ्ठ्यावर हलक्या खाचा पाडाव्यात, पुढचे काम रंग करतो.

पुठ्ठ्याला प्रायमर दोन्ही बाजूंनी द्यावा, एकाच बाजूने दिला तर तो वाकतो. ऑइल पेंटच्या चकाकीने इमारत खेळण्यासारखी दिसते. मॅट अ‍ॅक्रिलिक बरा. (थर्माकोलवर स्प्रे मारू नये, तो विरघळतो.) दगडाचा रंग मोबाईलच्या फोटोवरून ठरवू नये. समोरच्या बागेत जाऊन एकदा भर उन्हात, एकदा संध्याकाळी पाहावा आणि कागदावर रंगाचे ठिपके काढून जुळवावा. जुळलेल्या रंगात थोडा पांढरा मिसळावा, कारण लहान प्रतिकृतीवर तोच रंग गडद वाटतो.

रंग वाळला की काळपट करडा रंग पाण्यात अगदी पातळ करून वरून सोडावा. तो खाचांत साचतो आणि दरजा उठून दिसतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग कडांवरून फिरवावा. घाई इथेच नडते. आम्ही मध्ये एक रात्र जाऊ देतो.

लाकडी मजल्यांवर हे पातळ पाणी कमी वापरावे. खांबांवर ब्रश उभा, तुळयांवर आडवा चालवावा. दोन छटांचा तपकिरी पुरतो. लाकडाच्या रेषा काढत बसू नये, इतक्या अंतरावरून त्या कोणाला दिसणार? झरोके सुटे रंगवून मगच फेव्हिकॉलने चिकटवावेत. खिडक्यांमागे ठार काळा नको, कोळशासारखा करडा खोली दाखवतो. मुख्य दरवाज्यावरचे लोखंडी खिळे टाचणीच्या टोकाने ठिपके देऊन होतात.

शेवटी दारापाशी दीड-पावणेदोन सेंटिमीटरची तीन-चार माणसे उभी करावीत, म्हणजे वाड्याची उंची कळते. त्यांचे कपडे फिके ठेवावेत. लाल लुगडे एकच पुरे.